वाळलेलं जेल: आयसीयूतल्या खोट्या अलार्मचं एक प्रकरण

हे प्रकरण विदर्भातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातलं आहे. रुग्णालय, रुग्ण आणि कर्मचारी यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी तिथे बाहेरून यंत्रांच्या देखभालीसाठी जाणारा बायोमेडिकल इंजिनिअर. त्यामुळे वैद्यकीय बाजू डॉक्टरांकडून आणि सिस्टरांकडून ऐकलेली, तांत्रिक बाजू स्वतः हाताळलेली.

पार्श्वभूमी

हायड्रोजेल म्हणजे आपल्या जाळीत पाणी धरून ठेवणारं जेल. त्याचा सेन्सर म्हटलं की घामातली साखर मोजणारी पट्टी किंवा अंगावर चिकटवायचं अल्ट्रासाउंडचं स्टिकर असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. प्रयोगशाळांमध्ये त्यावर जोरात काम सुरू आहे. पण आपल्या दवाखान्यांत हायड्रोजेलचा सेन्सर केव्हाच येऊन बसलाय, फक्त त्याला कोणी सेन्सर म्हणत नाही. ईसीजीचा चिकटवायचा इलेक्ट्रोड, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत 'चकती'. फोमचा गोल तुकडा, वर बटण, खाली मधोमध ओलसर जेल. हजारो रुपयांच्या मॉनिटरपुढे याची किंमत काहीच नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बटणाच्या खालच्या अंगाला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर असतो. शरीरात वीज आयनांच्या रूपात फिरते, तारेत इलेक्ट्रॉनच्या रूपात. दोघांची देवाणघेवाण या थरावर होते आणि त्यासाठी क्लोराइड मिसळलेलं पाणी लागतं. जेलची पॉलिमरची जाळी हे पाणी धरून ठेवते. जेलचं दुसरं काम त्वचेवर. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर विजेला फार अडवतो. जेलमधलं पाणी त्यात मुरलं की अडथळा उतरतो. म्हणून चकती लावल्या लावल्या रेष थोडी डगमगते आणि काही मिनिटांनी स्थिरावते.

हृदयाचा संकेत छातीवर जेमतेम एखाद-दोन मिलिव्होल्टचा असतो. त्यामुळे चकतीचा स्वतःचा गोंधळ आटोक्यात हवा. अमेरिकेतलं ईसी-१२ हे मानक सांगतं की दोन चकत्या जेलला जेल लावून मोजल्या तर १० हर्ट्झला इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, सरासरी २,००० ओहमच्या वर जाऊ नये आणि दोघींमधला स्थिर व्होल्टेज १०० मिलिव्होल्टच्या आत राहावा. जेल ओलं असेल तर हे सहज जमतं.

रुग्णालय जिल्ह्याच्या गावातलं. आयसीयू बारा खाटांचा. मॉनिटर दोन कंपन्यांचे, वयाने मध्यम, पाच तारांचा ईसीजी घेण्याची सोय असलेले. प्रत्यक्षात मात्र बहुतेक खाटांवर तीन तारांच्या केबल. पाच तारांच्या केबल तुटत गेल्या, बदली तीन तारांच्या आल्या, चकत्याही वाचल्या. ऋतू उन्हाळ्याचा. पारा ४५च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. आयसीयूत एसी, म्हणजे उरलीसुरली ओलही गेली. आणि सामानाचं स्टोअर सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. दुपारी तिथल्या कपाटाच्या पत्र्याला हात लावून ठेवता येत नाही.

अडचण

एप्रिलच्या अखेरीपासून आयसीयूत अलार्मचा नुसता धुमाकूळ. 'लीड ऑफ' (तार सुटली), 'असिस्टोल' (हृदय थांबलं), 'अ‍ॅप्निया' (श्वास थांबला) आलटून पालटून. पळत जावं तर रुग्ण मजेत पेज पीत बसलेला. काही खाटांवर रेष दातेरी, काहींवर सापासारखी वर-खाली.

तक्रारवहीत याच्या दोन वेगळ्या नोंदी होत्या, एक 'ईसीजी डिस्टर्बन्स' आणि दुसरी 'रेस्पिरेशन प्रॉब्लेम'. खरं तर ही एकच तक्रार. श्वास मोजायला असे मॉनिटर वेगळं काही लावत नाहीत. छातीवरच्या त्याच चकत्यांमधून अगदी बारीक, उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडतात आणि छाती फुलली-बसली की इम्पिडन्स किती हलला ते बघतात. जेल बिघडलं की हृदय आणि श्वास दोन्ही रेषा एकदमच बिघडतात. दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या असत्या तर संशय चकतीवर तिथल्या तिथे गेला असता. वही दोन पाळ्यांत दोन जण लिहीत होते.

मग काय झालं, तर आवाज कमी झाला. रात्री रुग्णांची झोपमोड होते म्हणून व्हॉल्यूम तळाला गेला, पुढे अ‍ॅप्नियाचा अलार्म काही खाटांवर बंदच झाला, हृदयगतीच्या मर्यादा सैल झाल्या. हे कोणी ठरवलं असं विचारलं तर कोणीच नाही. ते होत गेलं. मला या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महागडा निर्णय हाच वाटतो, आणि तो कुठल्याच कागदावर नाही. यात या आयसीयूचंच काही विशेष चुकलं असंही नाही. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ साली रुग्णालयांना दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की ८५ ते ९९ टक्के अलार्मवर प्रत्यक्ष काही करायची गरजच नसते. शंभरातले नव्वद खोटे निघत असतील तर कानाला सवय लागतेच.

मे महिन्यात एका दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला, सात नंबरच्या खाटेचा अलार्म वाजला. खाटेवर पासष्टीच्या एक बाई. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला संकेत खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणजे कम्प्लीट हार्ट ब्लॉक. पेसमेकरसाठी दुसऱ्या दिवशी नागपूरला हलवायचं ठरलं होतं. या खाटेचा अलार्म सकाळपासून वारंवार वाजत होता आणि दर वेळी चकती दाबली की रेष परत येत होती. सिस्टर नोंदी पूर्ण करत होत्या. "आली आली, चकती सुटली असेल पुन्हा," एवढं म्हणून त्यांनी लिहिणं चालू ठेवलं. बोटावरच्या ऑक्सिमीटरची लाटही सपाट झाली होती, पण ती क्लिपही दिवसभर घसरत होती.

शेजारच्या खाटेची चादर बदलणाऱ्या मावशी ओरडल्या, "सिस्टर, बाई बोलून नाही राहिल्या जी! डोळे फिरवले!"

या वेळी रेष खरंच सरळ होती. छातीवर दाब सुरू झाले, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, डिफिब्रिलेटरचे, मोठे पॅड लागले आणि त्यातूनच बाहेरून पेसिंग, म्हणजे विजेने ठोके देणं, सुरू केल्यावर नाडी लागली. ते पॅडही हायड्रोजेलचेच. सीलबंद पाकिटातले होते म्हणून चालले. संध्याकाळी तात्पुरता पेसमेकर बसला, दुसऱ्या दिवशी बाई नागपूरला गेल्या आणि पुढे घरीही गेल्या. मॉनिटरच्या हिस्टरीत अलार्म वाजल्यापासून दाब सुरू होईपर्यंत दीड मिनिटाच्या आसपासचं अंतर दिसतं.

तपास

दुसऱ्या दिवशी बैठक. मेडिकल डायरेक्टर मॅडम, आयसीयूचे डॉक्टर, सिस्टर इन-चार्ज, प्रशासक आणि मी. मॉनिटर विकणारे डीलरही आले होते. त्यांचं निदान तयार होतं: "मशीन जुनी झाली मॅडम, किती दिवस ओढणार?" सोबत कोटेशन.

दुसरा संशय अर्थिंगवर, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन फाटते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला माणूस विसरला की माती वाळते, रोध वाढतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडे डोकावायला लागते. दातेरी रेषेचं हे कारण असू शकत होतं. खड्ड्यात पाणी घातलं, रोध मोजला, तो ठीक आला. रेषा दातेरीच राहिल्या.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. ईसीजी सिम्युलेटर म्हणून हातात मावेल असं एक उपकरण असतं. ते हृदयासारखाच संकेत तयार करतं. रुग्णाच्या छातीऐवजी केबल त्याला जोडायची. एकेका खाटेवर जोडत गेलो. दोन केबल आतून तुटलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. बाकी सगळीकडे रेष स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. म्हणजे मॉनिटर निर्दोष, वीज निर्दोष, केबल निर्दोष. दोष बटण आणि कातडी यांच्यामधल्या बोटभर जागेत होता. डीलरचं कोटेशन तिथेच बाजूला पडलं.

ट्रॉलीचा खण उघडला. पन्नास चकत्यांचं फॉइलचं पाकीट, तोंड फाडलेलं, रबरबँड लावलेलं, नेमकं एसीच्या झोतासमोर. पाकीट कधी उघडलं याची तारीख कुठेच नाही. तळातली एक चकती काढून मागचं प्लास्टिक सोलल्यावर जेलच्या कडेला पांढरट कड आलेली दिसली. मधला भाग बोटाला चिकटत होता, पण बोटावर ओल उमटत नव्हती. अगदी शेवटच्या काही चकत्या तर साबुदाण्याच्या वाळलेल्या पापडासारख्या कडक.

दोन ताज्या चकत्या जेलला जेल लावून मल्टिमीटरवर धरल्या. काही मिलिव्होल्ट, आकडा जागेवर. ट्रॉलीतल्या दोन घेतल्या तर आकडा ठरेचना, चढतोय-उतरतोय. रेषेचं सापासारखं वळवळणं म्हणजे हेच. मल्टिमीटरच्या ओहमच्या फेऱ्यावर चकती मोजू नये, कारण त्या एकदिश प्रवाहाने ती ध्रुवित होते आणि भलताच आकडा देते. इम्पिडन्ससाठी ओळखीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एलसीआर मीटर आणला. वाळलेल्या जोड्यांमध्ये इम्पिडन्स चढा तर होताच, पण एका जोडीचा दुसरीशी मेळ नव्हता. हा मेळ नसणं जास्त घातक. आजूबाजूच्या वायरिंगमधून ५० हर्ट्झचा संकेत अंगभर सारखाच शिरतो आणि मॉनिटर दोन तारांमधला फरक घेऊन तो गाळून टाकतो. दोन्ही चकत्यांचा इम्पिडन्स सारखा असेल तरच हे जमतं. एक ओली, एक वाळलेली असेल तर गाळणं फसतं आणि दातेरी रेष उमटते.

सिस्टर चकती लावतात तेव्हा शेजारी उभं राहिल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. छाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जात होती. स्पिरिटने कातडी स्वच्छ दिसते खरी, पण कोरडी पडते, आणि जेलला हवी असते त्याच्या नेमकं उलट होतं. आणि चकती मधोमध अंगठ्याने दाबली जात होती. त्याने जेल कडेच्या गोंदात पसरतं, मग धड पकड नाही, धड संपर्क नाही. सिस्टर इन-चार्ज म्हणाल्या, "आम्हाले कोणी सांगितलंच नाही जी. चकती काय, लावायची न् दाबायची." त्यांचं बरोबर होतं. मॉनिटर आला तेव्हा त्याचं प्रशिक्षण झालं होतं, चकतीचं कधीच झालं नव्हतं.

स्टोअरमध्ये वेगळी गंमत. नवे खोके पुढे, जुने मागे. जे मागे ते कित्येक महिने स्लॅबच्या उष्णतेत. सीलबंद पाकिटांपैकीही काहींची शिवण सुटलेली. शिवाय दोन ब्रँड मिसळून दिले जात होते, त्यामुळे एकाच छातीवर दोन जातींच्या चकत्या. वेगळं जेल, वेगळं क्लोराइडचं प्रमाण, म्हणून दोघींमध्ये आपोआप थोडा व्होल्टेजचा फरक.

पर्याय

नवे मॉनिटर घेणं सिम्युलेटरने बाद झालंच होतं. प्रशासकांचा कल अलार्मच्या मर्यादा अधिकृतपणे सैल करण्याकडे होता, खर्च शून्य म्हणून. मर्यादा रुग्णागणिक ठरवणं योग्यच आहे आणि डॉक्टरांनाही ते मान्य होतं. पण जेल वाळलेलं असताना मर्यादा सैल करणं म्हणजे बिघाड झाकणं. मॅडमनी ते थांबवलं. त्यांचं वाक्य लक्षात राहिलं: "आधी रेष सुधारू, मग मर्यादा ठरवू."

खरी चर्चा झाली चकत्या रोज बदलण्यावर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दोन विभागांत हा प्रयोग झाला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि रोज चकत्या बदलल्यावर खाटेमागचे अलार्म सरासरी ४६ टक्क्यांनी घटले. पण इथे दोन आडकाठ्या होत्या. एक पैशाची. तीनऐवजी पाच तारा, वर रोज बदल, म्हणजे खप कितीतरी पट. आयसीयूतले बरेच रुग्ण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले. तिथे पॅकेज ठरलेलं, त्यामुळे जास्तीच्या चकत्यांचा भार रुग्णालयावरच. दुसरी आडकाठी सिस्टरांनी काढली आणि ती जास्त वजनदार होती. म्हाताऱ्या माणसाची कातडी रोज चकती ओढून काढली तर सोलून निघते. स्टिरॉइडवरच्या रुग्णाची तर आधीच.

ब्रँड बदलावा का, हाही प्रश्न होता. स्पंजात पातळ जेल भिजवलेली चकती आणि घट्ट हायड्रोजेलची चकती असे दोन प्रकार बाजारात मिळतात. पातळ जेल कातडीत लवकर मुरतं, पण वाळतंही लवकर आणि जास्त दिवस राहिलं तर चुणचुण करतं. घट्ट हायड्रोजेलमध्ये ओल टिकवायला बहुधा ग्लिसरीनसारखं द्रव्य असतं. आमच्या हवेला दुसरा प्रकार बरा. किंमत मात्र थोडी चढी, आणि रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यात स्वस्त कोण एवढंच पाहिलं जात होतं.

काय केलं

खप वाढू न देता सुरुवात करायची असं ठरलं. पन्नासची पाकिटं बंद करून लहान पाकिटं मागवली. तोपर्यंत उघडलेलं पाकीट झाकणाच्या घट्ट डब्यात आणि त्यावर उघडल्याची तारीख. चकत्यांचा साठा वरच्या स्टोअरमधून तळमजल्यावरच्या औषधांच्या एसी खोलीत आला. जुनी तारीख आधी बाहेर. एका रुग्णाला एकाच जातीच्या चकत्या.

लावण्याची पद्धत सिस्टर इन-चार्जनी स्वतः बसवली. साबण-पाण्याने पुसायचं, गॉजने कोरडं करताना हलकं घासायचं, केस असतील तर कातरायचे. तारेचं बटण आधी चकतीला जोडायचं आणि मग चकती अंगाला, म्हणजे छातीवर जोर द्यावा लागत नाही. दाबायचं ते फक्त कडेकडेने. हे पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक त्यांनी प्रत्येक पाळीला स्वतः दिलं. माझ्या तासाभराच्या स्लाइडपेक्षा ते कैक पटीने जास्त लागू पडलं.

रोज बदलण्यावर मधला मार्ग निघाला. सकाळच्या अंघोळीच्या वेळी चकत्या बदलायच्या, पण नाजूक कातडीच्या रुग्णाच्या फाइलवर खूण आणि त्यांच्या फक्त जेल कोरडं किंवा कड सुटलेली दिसली तरच. काढताना कड ओली करून, कातडी दुसऱ्या हाताने धरून, हळू. नवी चकती जुन्या जागेवर नाही, बोटभर बाजूला.

पाच तारांच्या केबल सगळ्या खाटांवर परत आणायला पैसे नव्हते. हृदयाच्या ठोक्याची ज्यांना खरी धास्ती, अशा चार खाटांवर आणल्या. पाच तारा असल्या की मॉनिटर एकापेक्षा जास्त लीड, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या हृदयाच्या रेषा, वाचू शकतो आणि एक चकती गेली म्हणून आंधळा होत नाही.

अलार्मचा आवाज पूर्ववत केला आणि व्हॉल्यूम बदलायला पासवर्ड लावला. शिवाय एक सोपा नियम: सरळ रेष दिसली की आधी रुग्णाकडे बघायचं, मग त्याखालच्या ऑक्सिमीटरच्या लाटेकडे, आणि चकतीकडे सगळ्यात शेवटी.

निष्पत्ती

अलार्म कमी झाले. किती टक्क्यांनी, तो आकडा प्रशासकांना अहवालासाठी हवा होता. मी दिला नाही. सगळे बदल एकदम केले होते, आणि ते पुरते बसायच्या आत पाऊस आला. हवेत ओल आल्यावर चकत्या तशाही कमी वाळतात. त्यामुळे श्रेय पद्धतीचं किती आणि ढगांचं किती, हे वेगळं काढता येत नव्हतं. सिस्टरांच्या सांगण्यात मात्र फरक स्पष्ट होता. एकाच खाटेकडे पाळीत पुन्हा पुन्हा धावावं लागत नव्हतं. तक्रारवहीतली 'रेस्पिरेशन प्रॉब्लेम'ची नोंद थांबली. ती माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण, कारण ती थांबवण्यासाठी कोणी वेगळं काही केलंच नव्हतं.

खर्च वाढला, पण भीती होती तेवढा नाही. आधी वाळक्या चकत्या लावून, काढून, पुन्हा दुसऱ्या लावण्यात किती जात होत्या ते कोणी मोजलंच नव्हतं.

पावसाने नवं झेंगट आणलं. दमट हवेत आणि घामात जेल शाबूत, पण कडेचा गोंद सुटतो. त्यावर अजून घाम पुसून पुन्हा लावणे यापलीकडे चांगला तोडगा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सिम्युलेटर पहिल्या दिवशी जोडायला हवा होता. तो आयसीयूच्या कपाटातच होता. अर्थिंग, कोटेशन, बैठक या सगळ्याच्या आधी तासाभरात कळलं असतं की यंत्रात दोष नाही.

आवाज कमी करणं हा निर्णय आहे आणि तो कोणाच्या तरी सहीने व्हायला हवा, यावर बैठकीत बराच वाद झाला. रात्रपाळीला दोन सिस्टर बारा खाटा सांभाळतात, त्यांनी सही कोणाची आणायची? शेवटी रात्रीच्या डॉक्टरांची सही पुरेशी मानली. हे नीट चालतंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मध्यंतरी एका फेरीत दोन मॉनिटर पुन्हा हळू आवाजात सापडले, पासवर्ड सगळ्यांना पाठ झालेला.

खरेदीच्या कागदात बदल व्हायला हवा. तांत्रिक अटींमध्ये ईसी-१२ची पूर्तता, पाकिटातली संख्या आणि उघडल्यानंतर किती दिवस चालेल हे लिहून घेतलं तर सगळ्यात स्वस्त चकती आपोआप सगळ्यात चांगली ठरत नाही. पुढच्या टेंडरात पहिल्या दोन अटी आल्या. तिसरी 'पुरवठादार मिळणार नाही' म्हणून गाळली गेली.

आता याच ट्रस्टला घरी गेलेल्या रुग्णांसाठी छातीवर चिकटवायचे वायरलेस पॅच घ्यायचे आहेत. माहितीपत्रकात बॅटरी, अ‍ॅप, ब्लूटूथ सगळं आहे. जेलबद्दल एक ओळ नाही. पाणी उडणं ही अडचण मोठ्या प्रयोगशाळांनाही चुकलेली नाही. अमेरिकेत एमआयटीच्या गटाने २०२२ साली ४८ तास अंगावर राहणारं अल्ट्रासाउंडचं स्टिकर दाखवलं, तेव्हा त्यांनाही हायड्रोजेल दोन पातळ रबरी पडद्यांत बंद करावं लागलं, ते वाळू नये म्हणून. आमच्या पॅचच्या पुरवठादाराला मी एकच मागणी कळवली आहे: मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, कूलरसमोर झोपणाऱ्या माणसाच्या छातीवर तो लावून दाखवा. उत्तर यायचं आहे.